पुसलेली उत्तरं

"बाई, उजव्या हाताला, खाली बघा. डबा दिसतो का?"

"कसला डबा?"

"क... कचऱ्याचा. बारका आहे. झाकणाचा."

मी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पडद्याला नाक टेकेल इतकी पुढे सरकले. कोपऱ्यात खरंच एक एवढासा डबा होता. गेलं वर्षभर मी त्या पडद्यासमोर बसत होते, पण तो कधी नजरेला पडला नव्हता.

"दिसला. आता?"

"आता त्यावर एकदा दाबा. ए... एकदाच हं. मागच्या वेळी तुम्ही भलतंच बटण दोनदा दाबलंत आणि रविवारची सगळी चर्चा उडाली."

"ती परत आणली की नाही मी?"

"ती मी परत आणली, बाई."

फोनवर हा जो मला शिकवत होता, तो रफिक मुजावर. गडहिंग्लजच्या आमच्या शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. मी त्याला अक्षरं शिकवली, आणि पुढे निवृत्त झाल्यावर त्यानं मला कॉम्प्युटर शिकवला. माझ्यापेक्षा त्याचा संयम मोठा, हे मला तेव्हा कळलं. तो लहानपणापासून अडखळत बोलायचा. पुण्यात इंजिनिअर झाला, लग्न झालं, पण अडखळणं काही गेलं नाही, आणि पुढे पुढे त्यानं त्याचा घोर करणंही सोडलं. असं बोलणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी त्यानं इंटरनेटवर एक जागा काढली. नाव ठेवलं 'बोलकट्टा'. तिथं कुणीही आपलं खरं किंवा टोपणनाव घेऊन यायचं, लिहायचं, विचारायचं. आईबापांच्या प्रश्नांकडे बघायला त्यानं मला बसवलं होतं. तिथं सगळे मला नांदणीकर बाईच म्हणायचे.

"डबा उघडला," मी म्हटलं. "अगं बाई! हे तर सगळं इथंच पडलंय! लोकांना वाटतं पुसलं म्हणजे गेलं."

"जात नाही. पण ते असंच कुणी उघडायचं नाही, बाई. त... तक्रार आली तरच. आणि पुसलेलं वाचून त्यावर उत्तर द्यायचं नाही. माणसानं जे मागं घेतलं, ते त्याचं."

"मला शिकवू नकोस. पोरांनी पाटीवरचं पुसलं की मी कधी विचारलं नाही काय लिहिलं होतं म्हणून."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

तक्रार आली होती, म्हणूनच हा खटाटोप. महिनाभरापूर्वी कट्ट्यावर एक नवा सदस्य आला होता. टोपणनाव 'धोटा'. काहीतरी लिहायचा आणि कुणी नीट वाचायच्या आत पुसून टाकायचा. त्या जागी नुसती ओळ उरायची : 'ही नोंद सदस्याने पुसली आहे.' अशा ओळींची रांग लागली होती. नगरच्या एक ताई चिडल्या. आम्ही इथं आमच्या पोरांचं सगळं उघडं करून मांडतो, आणि हा माणूस नुसता बघायला येतो, स्वतःचं काही ठेवत नाही. याला काढा, असं त्यांनी लिहिलं. रफिकही काढायच्याच विचारात होता. मी म्हटलं, काढण्याआधी निदान बघू तर दे, लिहितो काय ते.

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन या टोकाहून त्या टोकाला पळणारा लाकडी तुकडा. तेवढ्यावरून एवढं कळलं की माणूस मागाच्या गावचा असणार. बहुतेक इचलकरंजीचा.

पुसलेल्या नोंदी ओळीनं समोर आल्या. मी मोठ्यानं वाचत गेले, रफिक फोनवर ऐकत होता.

'नमस्कार. एक विचारायचं होतं.'

'मुलगी पाच वर्षांची आहे. आधी चांगली बोलायची. उन्हाळ्यापासून अडखळायला लागली.'

'आमच्या घरात एक माणूस अडखळणारा आहे. ऐकून ऐकून लागतं का? त्याला पोरीपासून लांब ठेवलं तर पोर सुधारेल का?'

आणि शेवटची : 'त्या माणसाला सुरतेला पाठवायचं ठरलं आहे. तिकडं माग आहेत, काम मिळेल. गणपती झाले की जाईल. तोवर घरात त्याचं बोलणं बंद.'

माझा आवाज चढला असावा, कारण रफिक म्हणाला, "बाई, प... पाणी प्या."

"पाणी कसलं पाजतोस? एका माणसाला अडखळतो म्हणून घराबाहेर काढतायत! दीर असेल, नाहीतर सासरा. म्हणे, पोरीला लागेल. तुझ्या वेळी नव्हते का आले दोघं-तिघं बाप? रफिकशेजारी आमच्या पोराला बसवू नका, त्याला सवय लागेल."

"आले होते. मग माझ्या शेजारी कोण बसलं?"

"मी बसले."

"खुर्ची घेऊन," रफिक हसला. "अख्खं वर्ष. माझी सगळी उत्तरं चुकत होती तुमच्यामुळं, बाई. घाम फुटायचा नुसता."

तर धोट्याला काढायचं नाही, असं ठरलं. पुसलेल्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, पण नियंत्रक म्हणून मी त्याला खाजगी निरोप पाठवायला हरकत नव्हती. रफिकनं तेही शिकवलं. मी लिहिलं :

'नमस्कार. मी नांदणीकर बाई. नव्यानं आलेल्या आईबापांना मी एक गोष्ट नेहमी सांगते, ती तुम्हालाही सांगते. अडखळणं हे सर्दी-पडशासारखं एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. लहान मुलं बोलायला शिकताना पुष्कळदा अडखळतात. बऱ्याच जणांचं आपोआप सुटतं, काहींचं राहतं. त्यात कुणाचा दोष नसतो. काही विचारायचं असेल तर मला लिहा.'

नेहमी सांगते हे काही खरं नव्हतं, पण रफिकनं ते चालवून घेतलं.

निरोप समोरच्यानं उघडला की आमच्याकडे शेजारी 'वाचला' असं उमटायचं. संध्याकाळच्या आत उमटलं. मी उत्तराची वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशीही बघितली. काही नाही.

मग मला राहवेना. दुसरा निरोप लिहिला, आणि तो लिहिताना माझ्यातली शाळामास्तरीण जरा वर आली. 'एखाद्या घरात अडखळणारं माणूस असेल आणि त्याला त्यासाठी घराबाहेर काढलं, तर त्या घरातल्या लहान मुलाला त्यातून एवढंच कळतं की असं बोलणाऱ्याला घरात जागा नसते. मग ते मूल स्वतः अडखळलं की काय समजेल, याचा विचार करावा.'

हाही निरोप 'वाचला'. उत्तर नाही.

"कसला माणूस आहे!" मी रफिकला म्हटलं. "दगडाला सांगितलं असतं तर तो हलला असता."

"असतात अशी माणसं, बाई."

"असू देत. मला त्या घरातल्या त्या बापड्याचं वाईट वाटतं. बोलणं बंद केलंय म्हणे त्याचं. गणपतीचे दिवस, घरात पोर, आणि हा कोपऱ्यात मुका बसलेला."

गणपती बसले. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. मी शेजारच्या मुलांना जमवून आरत्या पाठ करून घेत होते, पण मन सारखं त्या माणसाकडे जायचं. गणपती उठले की तो सुरतेची गाडी धरणार. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, चेहरा माहीत नव्हता, आणि तरी वर्गातलं एखादं पोर शाळा सोडून चाललंय आणि आपल्याला थांबवता येत नाही, तसं वाटत राहिलं.

एका सकाळी रफिकचा फोन आला. "बाई, धोटा परत लिहून पुसतोय. न... नगरच्या ताईंची परत तक्रार आहे. आज मात्र काढून टाकतो."

"थांब. डबा उघडते."

आता मला रस्ता पाठ होता. उजव्या हाताला, खाली, एकदाच दाबायचं. नव्या नोंदी समोर आल्या. पहिलीच ओळ वाचली आणि माझा हात थांबला.

'बाई, तुमचा निरोप मिळाला. त्याखालचं उत्तराचं बटण दाबलं की लाल अक्षरं येतात, तुम्हाला परवानगी नाही म्हणून. म्हणून इथं लिहितो. थोडा वेळ ठेवतो आणि पुसतो. तेवढ्यात तुमच्या नजरेला पडलं तर बरं.'

त्याखाली दुसरी, त्याच दिवसाची. 'पडलेलं दिसत नाही. उद्या परत लिहितो.'

मग तिसरी : 'बाई, दुसरा निरोप वाचला. त्या माणसाला कुणी घराबाहेर काढत नाही. तो आपणहून चाललाय. तुम्ही रागावला असाल तर रागावू नका.'

आणि आज सकाळची, सगळ्यात लहान : 'तो माणूस मीच, बाई. मुलीचा बाप.'

मी सगळं वाचून दाखवलं. मग रफिक म्हणाला, "ब... ब... बाई, माझ्यामुळं झालं हे."

"तुझ्यामुळं कसं?"

त्यानं सांगितलं. कट्टा नवा होता तेव्हा अडखळणं घालवतो म्हणून जिभेखाली ठेवायच्या गोळ्या विकणारे काही जण घुसले होते. गरीब आईबापांना गाठून खाजगी निरोप पाठवायचे. त्यांना रोखायला रफिकनं एक अट घातली : कट्ट्यावर ज्याच्या स्वतःच्या पाच नोंदी नाहीत, त्याला निरोप पाठवता येणार नाही. आलेला वाचता येईल, उत्तर देता येणार नाही. धोटा लिहायचा आणि लाजून पुसायचा. पुसलं की नोंद मोजणीतून जायची. त्याच्या नावावर कायमचं शून्य.

"बोलता न येणाऱ्यांसाठी जागा काढली," रफिक म्हणाला, "आणि क... कुलूप लावलं ते नेमकं अशा माणसाला."

"मग काढ ना कुलूप. रडत काय बसलास?"

"रडत नाही. शब्द अडकलाय."

"अडकू दे. हात मोकळे आहेत ना?"

कुलूप निघालं, आणि अर्ध्या तासात माझ्याकडे भलामोठा निरोप आला. लिहिताना तो माणूस कुठंच अडखळत नव्हता. नाव सिद्राम हावळे, इचलकरंजी. यंत्रमागावर कामाला. मागाच्या खडखडाटात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, तिथं सगळे हातांच्या खुणांनी बोलतात, त्यामुळं कामावर त्याचं अडखळणं कित्येक वर्षांत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. अडचण होती ती घरात. मुलगी ईश्वरी त्याच्या मांडीवर बसून बोलायला शिकली आणि उन्हाळ्यात तीही अडखळायला लागली. त्या दिवसापासून सिद्राम घरात बोलायचा बंद झाला होता. आपला आवाज तिच्या कानावर पडायला नको. तेवढ्यानं भागेना म्हणून सुरत. बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, जास्त पगारासाठी चाललाय.

मी त्याला परोपरीनं लिहिलं. तुमचं ऐकून झालेलं नाही; कधी कधी घराण्यात असतं, जसे डोळे असतात, केस असतात तसं; तुम्ही गेल्यानं ते जाणार नाही. हवं तर डॉक्टरांचं म्हणणं धाडते. त्याचं उत्तर आलं :

'तुमचं खरं असेल, बाई. पण शब्द अडला की ती माझ्यासारखीच मान वाकडी करते. मला ते बघवत नाही. तिकीट काढलंय. परवा निघायचं.'

मी लिहिलं, 'उद्या मी येते.'

'कशाला बाई एवढ्या लांब? मी ऐकणार नाही.'

'तुम्हाला कोण भेटायला येतंय? मी ईश्वरीला भेटायला येते.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी इचलकरंजीला उतरले. सिद्राम स्टँडवर न्यायला आला होता. तिशीचा, सडपातळ, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. त्यानं वाकून नमस्कार केला, माझी पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला. वाटेत एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. गल्लीत शिरल्यावर बोलूनही उपयोग नव्हता, कारण दोन्ही बाजूंच्या शेडमधून माग धडधडत होते आणि पायाखालची फरशी हलत होती.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्याची बायको उज्ज्वला कांड्या भरत बसली होती, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर चरख्यानं सूत गुंडाळत होती. मला बघून लगबगीनं उठली.

"या बाई, या. ह्यांनी कागदावर लिहून दाखवलं, बाई येणार म्हणून. तोंडानं सांगायला काय झालंय देवाला ठाऊक." आणि नवरा आत पाणी आणायला गेलाय तेवढ्यात ती माझ्या कानाशी आली. "उन्हाळ्यापासनं बोलत नाहीत. मला वाटलं, माझ्या भावाच्या लग्नात मानपानात काय कमी पडलं म्हणून. मी भावाला फोन करून भांडलेबी, बाई. त्यानं बिचाऱ्यानं शर्टपीस पाठवून दिला. तरी ह्यांचं तोंड बंदच."

मला हसू आवरेना. "मुलगी कुठाय?"

मुलगी कॉटखाली होती. दोन डोळे आणि एक वेणी दिसत होती. कॉटवर सिद्रामची भरलेली बॅग तयार ठेवलेली.

मी कॉटखाली वाकून बघितलं नाही, नाव विचारलं नाही. सरळ खाली फतकल मारली आणि चरख्याला हात घातला. "मी शाळेत सगळं शिकवलं," मी कुणाकडंच न बघता म्हटलं, "पण हे मला येत नाही. बघू जमतं का." आणि सूत उलट्या बाजूनं लावून चाक फिरवलं. सूत तटकन तुटलं. परत लावलं, परत तुटलं. तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा कॉटखालून आवाज आला.

"अ... अ... असं नाही! उलटं!"

"मग कसं?"

ती बाहेर आली. गोल चेहरा, गुडघ्यावर खरचटलेलं. माझ्या हातातून सूत काढून घेतलं, टोक जिभेवर ओलं केलं आणि नळीवर बसवलं. "आ... आता फिरवा. हळू. ए... एवढ्या जोरात नाही हो बाई!"

"कुणी शिकवलं तुला?"

"आईनं. ब... बाबांना पण येतं. आईपेक्षा भारी. पण ते आता श... शिकवत नाहीत. बोलतच नाहीत."

आतल्या दारात सिद्राम पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. चाक फिरवत राहिले.

"का गं बोलत नाहीत?"

"मी नीट बोलत नाही ना," ईश्वरी म्हणाली. आज डब्यात काय आहे ते सांगावं, तसं. "म्हणून त्यांना र... राग आलाय. म्हणून ते सु... सुरतला चाललेत."

उज्ज्वला कांड्यांची टोपली उचलत होती, ती तशीच ओणवी राहिली. मग सावकाश नवऱ्याकडं वळली.

सिद्रामनं तांब्या खाली ठेवला. पाणी थोडं सांडलं. तो येऊन लेकीपुढं उकिडवा बसला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. उन्हाळ्यापासून त्या घरात न वापरलेला आवाज बाहेर आला.

"र... र... राग न... नाही."

ईश्वरी त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिचे डोळे विस्फारले होते.

"तू... ग... गुणाची आहेस. मी... मी ज... ज... ज..."

तिथं तो अडला. मान वाकडी झाली, डोळे मिटले, गळ्याची शीर तटतटली. 'ज'च्या पुढं शब्द सरकेना. जातो म्हणणार होता की जाणार नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. उज्ज्वलानं पदर तोंडात धरला होता. आणि माझ्या, इतकी वर्षं पोरांच्या उत्तरांसाठी ताटकळलेल्या माझ्या तोंडाशी मला हवा असलेला शब्द येऊन उभा राहिला. तो मी त्याच्या वतीनं म्हणूनही टाकला असता. मी तोंड उघडलंच.

सुताच्या तंतूंनी माखलेला एक एवढासा तळवा माझ्या तोंडावर येऊन बसला.

"थ... थांबा ना बाई," ईश्वरी म्हणाली. "बाबांचा शब्द येतोय."

आम्ही थांबलो. तिनं हात काढला नाही. सुताला खळीचा आंबूस वास होता. तिची नजर बापाच्या ओठांवर होती; घाई नव्हती, भीती नव्हती. तो वाकडी मान करून झगडत होता आणि तिला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. ती नुसती वाट बघत होती.

"ज... जाणार नाही," सिद्राम म्हणाला.

सिद्रामनं तिथंच तोंड ओंजळीत झाकलं. माझ्या तोंडावरचा हात निघाला. ईश्वरीचं आमच्या कुणाकडंच लक्ष नव्हतं. ती उठली, कॉटवर चढली आणि त्या भरलेल्या बॅगेची चेन ओढायला लागली. चेन तिला सरकेना.

"आई, उ... उघड की हे."

"कशाला गं?"

"बाबा जाणार नाहीत ना? म... मग माझा फ्रॉक काढ की ह्यातनं. मी... मीच ठेवलाय."

उज्ज्वलानं चेन उघडली. सिद्रामचे शर्ट एकेक करून वर काढले, टॉवेल काढला, दाढीचं सामान काढलं. सगळ्यात खाली, चोळामोळा करून घडी घातल्यासारखा, एक पिवळा फ्रॉक होता, आणि त्याच्यात गुंडाळून ठेवलेल्या तिच्या चपला.